शेवटच्या घरचा कापूस

रविवारी सकाळी अल्लीपूरच्या ठाण्यातला फोन वाजला, तेव्हा उपनिरीक्षक वर्षाली उईके हिचा चहाचा पहिला घोटही घेऊन झाला नव्हता. पलीकडे मुकेश होता, कृषी केंद्रवाल्या बबनरावांचा पुतण्या. काकांचे दोन्ही डोळे गेले होते. ज्यानं घालवले त्याला खताच्या गोदामात कोंडून ठेवलं होतं. मॅडमनी यावं आणि त्याला घेऊन जावं.

"कोणाला कोंडलं?"

"लहानूले. निवासातला आंधळा."

वर्षालीनं कप खाली ठेवला. आंधळ्यानं डोळसाचे डोळे घालवले, ही तक्रार तिच्या नोकरीत नवीन होती. मी येईपर्यंत गोदामाचं कुलूप निघालेलं पाहिजे, नाहीतर पहिला गुन्हा तुझ्यावर लागेल, एवढं सांगून तिनं शिपाई अमरला गाडी काढायला लावली.

बबनरावांना ओळखत नाही असा माणूस गावात नव्हता. ओळखू नये अशी सोयच त्यांनी ठेवली नव्हती. बसथांब्यावर त्यांचा फोटो, शाळेच्या फाटकावर त्यांचा फोटो, आणि सगळ्यात मोठा फोटो 'आधारकाठी निवास' या अंध लोकांच्या संस्थेच्या भिंतीवर. ते तिथल्या दान समितीचे अध्यक्ष होते.

दान म्हणजे कापूस. पहिली वेचणी घरात आली की निवासाचे स्वयंसेवक गावात फेरीला निघत. फेरीची रीत निवास चालवणाऱ्या सुमित्राबाईंनी घालून दिलेली. मागायला जाणाऱ्या डोळस माणसानं डोळ्यांवर पट्टी बांधायची आणि निवासातल्या आंधळ्या सोबत्यानं त्याचा हात धरून त्याला दारोदार न्यायचं. घरची बाई ओंजळभर कापूस आपल्या डोळ्यांना लावी आणि झोळीत टाकी. शेवटच्या घरी पट्टी सुटे. तिथली बाई दुधात भिजवलेला कापसाचा बोळा आधी आपल्या डोळ्यांना लावी, मग त्यानंच त्या माणसाचे डोळे पुसून देई. गूळ-पाणी होई आणि फेरी संपे. त्या कापसाच्या गाद्या, उशा, वाती करून निवासातली माणसं पोट भरत.

अध्यक्षांची फेरी दरवर्षी अध्यक्षांच्याच घरी संपायची. फोटोला त्यांचं अंगण बरं पडायचं.

शनिवारी फेरी झाली होती. रविवारी सकाळी बबनराव ओसरीत बाजेवर बसले होते, डोळे उघडे, आणि समोर कोण उभं आहे ते त्यांना कळत नव्हतं.

वर्षालीनं नाव सांगितलं आणि खुर्ची ओढली.

"कधीपासून दिसत नाही?"

"काल सांजच्याले सत्कार होता. भाषनाले उभा राह्यलो अन् सगळं धुक्यावानी झालं. दिव्याभोवती रंगीत कडी दिसाले लागली. सकाळी उठलो त नुसतं पांढरं."

"आग झाली? डोळे चुरचुरले?"

"नाई. थेच त नवल. काईच दुखलं नाई."

"घरी कोणाला सांगितलं नाही?"

"बायकोले सांगतलं. म्हने, वयानं होते तसं, झोपा."

मुकेशला एवढा धीर कुठला. तो मध्येच म्हणाला की यात विचारायचं काय आहे. काकांच्या डोळ्यांवर पट्टी लहानूनं बांधली, फेरीभर हात लहानूच्या हातात होता, पट्टी सोडलीही लहानूनं. पट्टीला फवारणीचं औषध लावलं असणार. आणि लहानूचा काकांवर जुना राग आहे, हे गावातल्या शेंबड्या पोराला ठाऊक आहे.

राग कशाचा, असं विचारल्यावर मुकेश काकांकडे पाहू लागला. बबनरावांनी पाणी मागितलं.

तेवढ्यात बबनरावांच्या बायको जयवंताबाई चहा घेऊन आल्या. दारात बाजूला अमर उभा होता. त्या सरळ त्याच्या अंगावर गेल्या, दचकून थांबल्या आणि "कोन हाये?" म्हणाल्या. ट्रेमधल्या एका कपात चहा ओतायचा राहिला होता. त्यांनी कपाच्या काठावरून बोट आत सोडून चहा ओतला, बोटाला चहा लागला तशी किटली थांबवली, आणि कप वर्षालीच्या हाताऐवजी आवाजाच्या दिशेनं पुढे केला. कुंकू कपाळाच्या जरा डावीकडे होतं. रात्रभर नवऱ्यापाशी बसल्या असतील, वर्षालीच्या मनात आलं. बोट बुडवलेला चहा तिनं मुकाट्यानं प्यायला.

गाडीत घालून मुकेशसोबत बबनरावांना वर्ध्याच्या मोठ्या दवाखान्यात पाठवलं. पट्टी वर्षालीनं पाकिटात घातली आणि ती घराभोवती फिरून आली. मागं गोठा होता. गोठ्याच्या भिंतीला लागून रुईचं मोठं झुडूप. काल शनिवार होता, मारुतीच्या हारासाठी पानं नेली असतील. पण पानं नेलेली नव्हती. ती तिथंच मातीत पडली होती, चांगली रुंद, अख्खी. देठ मात्र कंबरेच्या उंचीवर मोडलेले होते, एकाशेजारी एक, आणि खालच्या दगडावर चिकाचे पांढरे थेंब वाळले होते.

तिथून ती गोदामात गेली. कुलूप निघालं होतं, पण लहानू बाहेर आला नव्हता. बाहेर माणसं जमली होती, आणि त्यांतल्या एका-दोघांच्या हातात काठ्या होत्या. तो खताच्या पोत्यावर ताठ बसला होता. चाळिशीचा, सडसडीत.

"लहानू, तुझा बबनरावांवर राग आहे?"

"हाये ना. काऊन नाई म्हनू?"

मग त्यानं सांगितलं. बबनरावांच्या दुकानातली बाटली होती. वरचा कागद खरडलेला. काही होत नाही, मार फवारा, असं बबनराव म्हणाले होते. कपाशी माणसाच्या डोक्याएवढी वाढली होती, वारा तोंडावर होता. तो शेतातच पडला. शुद्धीवर आला तेव्हा डोळे गेले होते. बायको माहेरी निघून गेली. बबनरावांनी त्याला निवासात आणून सोडलं आणि सोडताना फोटो काढला.

"मग तूच नाही केलंस हे कशावरून?"

"मॅडम, मले त्याचे डोळे घेऊन काय कराचं? मले दिसनार हाये का त्याच्यानं? मले एकच पाह्यजे होतं. चार लोकायसमोर त्यानं म्हनाव की बाटली माही होती. त्याच्यासाठी म्या दरसाल त्याचा हात धरला. मनात म्हनलं, अंधारात हात धरला की कदी तरी बोलन."

"बोलले?"

"दरसाल म्हने, हळू चाल, फोटो हालते."

वर्षालीला हसू आलं नाही. त्या माणसाचा संताप तिला लख्ख कळत होता आणि म्हणूनच तिला त्याची काळजी वाटत होती. एवढ्या संतापाचा माणूस हाताशी असला की खरा गुन्हेगार शोधायचे कष्ट कोणी घेत नाही.

निवासात सुमित्राबाई अस्वस्थ होत्या. समितीनं बजावलं होतं, मंगळवारपर्यंत लहानूला बाहेर काढा, नाहीतर गावाचं दान बंद. त्याला जायला जागा नव्हती. सख्खा भाऊ दारात उभं करत नव्हता.

"पट्ट्या कोण देतं?" वर्षालीनं विचारलं.

"मी. धुऊन टोपलीत टाकते, सगळ्या सारख्या. ज्याची त्यानं उचलायची. बबनराव अध्यक्ष, म्हणून पहिला हात त्यांचा."

"लहानूला त्यांच्यासाठी एखादी वेगळी ठेवता आली असती?"

"टोपली माझ्या मांडीवर होती, बाई. त्यांनी मधूनच एक ओढली आणि तशीच लहानूच्या हातात दिली. त्यानं माझ्यासमोर बांधली."

म्हणजे पट्टी नव्हे. आणि पट्टीखाली डोळे मिटलेलेच असतात. औषध पट्टीला असतं तर आधी पापण्या सोलल्या असत्या. बबनरावांच्या पापण्या शाबूत होत्या.

दुपारी मुकेश वर्ध्याहून परत आला, तेव्हा वर्षालीनं त्याच्याकडून फेरीचे फोटो मागितले. फोटो त्यानंच काढले होते, झोळीही त्याच्याच खांद्यावर होती. फोटो दाखवता दाखवता तो कुरकुरला, की दरवर्षी पेपरात जाणारा फोटो यंदा मिळालाच नाही. काकू बोळा स्वतःच्या डोळ्यांना लावते, तो फोटो. यंदा तिनं पट्टी सुटली तसे एकदम काकांचे डोळे पुसले. त्यानं आठवणही करून दिली होती, काकू, तुमचे डोळे राहिले. राहू दे म्हणाली, आणि बोळा चुलीत टाकून दिला.

"पाणी, गूळ, काही डोळ्याला लागलं?"

"नाई. मंग काका जेवले, झोपले, अन् सांजच्याले सत्काराले गेले."

संध्याकाळी दवाखान्यातून डॉक्टरीणबाईंचा फोन आला. फवारणीचं औषध नव्हतं. तिखट, चुना, तेजाब, काहीच नव्हतं, ते सगळं लागताक्षणी माणूस ओरडतो. दोन्ही बुबुळांवरचा पडदा सारखा सुजला होता. असं काही वनस्पतींच्या चिकानं होतं. लागताना कळत नाही, काही तासांनी धूसर व्हायला लागतं, दुसऱ्या दिवशी पांढरं. वेळेवर औषध मिळालं, डोळे परत येतील.

"रुईचा चीक?" वर्षालीनं विचारलं.

"अगदी तोच असेल. हार करणाऱ्यांचे असे डोळे आम्ही पाहतो. पण त्यांचा बहुधा एकच डोळा असतो, चोळलेला. दोन्ही डोळे असे सारखे सहसा दिसत नाहीत."

वर्षालीनं फोन ठेवला. रुई तोडलीस तर हात धू, डोळ्याला लावू नको, हे तिच्या आजीनं तिला लहानपणी हजारदा सांगितलं होतं. या भागात ते माहीत नसलेलं लेकरू नसतं. दुधात चीक टाकला तर दिसत नाही, हे मात्र कोणी लेकराला सांगत नाही. आता कोणी केलं ते तिला कळलं होतं. का केलं, तेवढं अडत होतं. मग तिला चहाच्या कपात बुडालेलं बोट आठवलं.

तिनं डॉक्टरीणबाईंना पुन्हा फोन लावला आणि एक वेगळाच प्रश्न विचारला. उत्तर ऐकून तिचे कान तापले.

मंगळवारी दुपारी बबनराव घरी आले. डोळ्यांवर काळा चष्मा, हाताला मुकेश. त्यांना आता सावल्या दिसत होत्या. लहानूला घालवायचं ठरवायला समितीचे लोक अंगणात जमले होतेच. वर्षालीनं त्यांना बसवून घेतलं. लहानूला आणि सुमित्राबाईंना पुढं बोलावलं. जयवंताबाई ओसरीच्या खांबाला टेकून बसल्या.

"लहानूनं काही केलं नाही," वर्षालीनं सुरुवात केली. "पट्टी बबनरावांनी स्वतः निवडली होती. आणि डोळ्यांत गेलं ते औषध नव्हतं, रुईचा चीक होता. तो सकाळी लागला की संध्याकाळी धूसर दिसतं. तुम्ही सगळे पट्टी बांधणाऱ्यावर अडून बसलात. शोधायला हवी होती फेरी संपल्याची वेळ."

अंगणात चुळबुळ झाली.

"या घराच्या गोठ्यामागं रुई आहे. तिचे देठ मोडलेत आणि पानं खाली टाकून दिलीत. मारुतीसाठी तोडणारा पानं नेतो. इथं कोणाला पानं नको होती, चीक पाहिजे होता. फेरीभर बबनरावांचे डोळे पट्टीखाली होते. पट्टी सुटल्यावर डोळ्यांना एकच गोष्ट लागली, शेवटच्या घरचा कापूस. दुधात भिजवलेला."

सगळ्यांच्या माना खांबाकडे वळल्या. जयवंताबाईंनी मान वळवली नाही.

"यंदा तो बोळा घरच्या बाईनं आपल्या डोळ्यांना लावला नाही. मुकेशचा फोटो हुकला तो त्यामुळं. आणि वापरलेला बोळा लगेच चुलीत गेला."

"काकूनं?" मुकेश म्हणाला. "काकू काऊन करन?"

 वर्षाली बबनरावांकडे वळली.

"बबनराव, तुमच्या बायकोला दिसत नाही, हे तुम्हाला कधीपासून माहीत आहे?"

बबनरावांनी काळा चष्मा नीट केला.

"बाजूला उभा माणूस त्यांना दिसत नाही. चहा किती भरला ते बोटानं पाहावं लागतं. माणसाला आवाजावर ओळखतात. रुईचे देठ कंबरेच्या उंचीवर मोडलेत, कारण ते चाचपून मोडलेत. मला पहिल्या दिवशी वाटलं, जागरण झालं असेल. माझीही अक्कल तेवढीच. मी दवाखान्यात विचारलं, गावातल्या शिबिरात डोळे तपासले होते का यांचे? होते. डॉक्टरीणबाईंनीच तपासले होते. अध्यक्षांची बायको म्हणून त्यांच्या लक्षात राहिल्या. काचबिंदू निघाला होता. रोज थेंब टाका, वर्ध्याला आणा, नाहीतर नजर जाईल, आणि गेलेली परत येणार नाही, असं बबनरावांना त्यांनी तोंडावर सांगितलं होतं. बाई परत आल्याच नाहीत."

 त्या शिबिराचा फलक अजून चौकात होता, बबनरावांच्या फोटोसकट.

मग जयवंताबाई बोलल्या. आवाज अगदी रोजचा होता.

"मी यायले म्हनलं होतं, दिव्याभोवती कडी दिसते. हे म्हने, वयानं होते तसं, झोप. अध्यक्षाची बायको आंधळी म्हनल्यावर लोक हासतीन म्हने. कपाशी निघू दे, मंग जाऊ. मंग चना निघू दे. मंग सत्कार. मी दर फेरीले यायचे डोळे पुसले, अन् माहे जात राह्यले. शनिवारी हे घरी येऊन म्हनाले, दिव्याभोवती कडी दिसते. मीबी म्हनलं, वयानं होते तसं."

"चीक किती टाकला?" वर्षालीनं विचारलं.

"थोडा. माहेरी रोहण्याले माह्या भावाच्या डोळ्यात गेलता लहानपनी. काई दिवस दिसलं नाई त्याले, मंग दिसलं. यायलेबी दिसन. माहं काई परत येत नाई, मले मालूम हाये."

"आणि लहानूला धरलं तेव्हा गप्प का बसलात?"

इथं पहिल्यांदा त्यांचा आवाज हलला. "थे माहं चुकलं. हे घरी येईपर्यंत थांबाचं म्हनलं. यायच्या पाठीमागं सांगतलं असतं त पोलिसायले पटलं असतं, गावाले नसतं. लहानू, तुले दोन दिवस काढा लागले. माफ करजो, बाबू."

 लहानूनं मान हलवली, पण ती त्यांना दिसली नसावी.

बबनराव उठून उभे राहिले. चष्म्याखाली घाम आला होता. त्यांनी वर्षाली असेल त्या बाजूला हात जोडले, ते जरा खांबाकडेच गेले. "मॅडम, माही काई तक्रार नाई. घरची गोष्ट हाये. कागदावर नका घेऊ. मिटवून टाका."

दवाखान्यातून कागद आला आहे, त्यामुळं ते मिटणार नाही, असं वर्षाली सांगणार होती. तिच्या आधी जयवंताबाईच म्हणाल्या.

"मिटवाचं नाई. लिवा, मॅडम. म्या काय केलं थे लिवा, अन् काऊन केलं थेबी लिवा. कोर्टात यायच्यासमोर मोठ्यानं वाचा. शिक्षा झाली त भोगीन."

"माही बाटलीबी लिवा," लहानू म्हणाला. "त्याच्यात जागा असन त."

बबनराव त्याच्याकडे वळले. मग ते खाली बसले.

वर्षालीनं अमरला लिहायला घ्यायला सांगितलं. लिहून झाल्यावर तिनं शेवटचा प्रश्न विचारला. तो कायद्याला लागत नव्हता. तिलाच जाणून घ्यायचं होतं.

"काकू, तुमची नजर तर गेल्यातच जमा आहे. दरवर्षीसारखा बोळा डोळ्याला लावला असता, तर मला कळलंही नसतं. का नाही लावला?"



"समोरचं थोडंसं दिसते मले अजून. नळीतून पाह्यल्यावानी. तेवढं ठेवाचं होतं." जयवंताबाईंनी पदर डोक्यावर ओढला. "यायले चाचपडताना पाहाचं होतं मले."

बबनराव उठले. त्यांना आत जायचं होतं. मुकेशनं हात पुढं केला नाही, समितीतलंही कोणी उठलं नाही. ते हात पुढं करून दाराच्या दिशेनं निघाले, दार चुकलं, भिंत लागली, भिंतीवरून हात फिरवत ते कडी शोधू लागले. जयवंताबाईंनी हळूहळू मान वळवली, आणि ते नजरेच्या त्या उरलेल्या तुकड्यात येईपर्यंत वळवत नेली. मग तिथं मान स्थिर धरून त्या पाहत राहिल्या. अमरनं सही घ्यायला कागद पुढं केला, तेव्हा त्यांनी त्याला जरा थांबायला सांगितलं.